शेपूट

पहिल्या माऊसला शेपूट होतं.
मार्केट यार्डात, मगदूमांच्या अडत दुकानात,
मागच्या खोलीत गूळ, पुढच्या खोलीत मी,
मधल्या भिंतीला दोन बोटं जातील एवढं भोक.
एका सोमवारी येऊन बघतो तर
वायर दोन ठिकाणी कुरतडलेली,
तांब्याचे केस बाहेर.
हसनभाई खांद्यावरचा रवा न उतरवताच म्हणाले,
"शालनताई, उंदरानं उंदीर खाल्ला की ओ."

पुण्याची भाची मला हसते,
बाई असून येतो, जातो, बघतो म्हणतीस म्हणून.
हसू दे.
आमच्यात असंच बोलतात,
आणि पट्टीवर कुठं लिहायचं असतंय ते.

मग अण्णांचा नातू, पार्श्व,
बिनवायरीचा घेऊन आला.
काळा, मुठीत मावणारा,
सोबत नखाएवढा एक तुकडा.
"हा मागं खोचायचा, काकू. हरवला की संपलं."
कुडीची फिरकी जपावी
तसा मी तो जपला.

वायर होती तोवर माझी खुर्ची ठरलेली,
तोंड भिंतीकडं, पाठ दाराकडं.
सतरा वर्षं माणसं मी आवाजावरनं ओळखली.
वडणग्याचे तात्या आधी खोकणार,
निगव्याचे बापू उंबऱ्यावर चप्पल झाडणार,
मग "झाली का पट्टी?"
आता स्क्रीन तिरका केला, खुर्ची दाराकडं ओढली,
तर बापूंचे डोळे घारे निघाले.

पण टेबलावर काच.
काचेवर बाण कसला चालतोय,
थरथरायचा, अडायचा,
हमालीच्या रकान्यातनं उडी मारायचा थेट तोलाईत.
वहीचा पुठ्ठा घातला. जुनं बिलबुक घातलं.
रागानं एकदा पदरही घातला.
आणि मग एका सकाळी, सौदे सुटलेले,
टेबलभर चहाचे कप आणि गुळाचे नमुने,
हाताला जागाच नाही
म्हणून माऊस उचलून ठेवला शेजारच्या रव्यावर,
फडक्यात बांधलेला, तीस किलोचा, अजून कोमट.
चालला.
बैल ओळखीच्या वाटेला लागावा तसा चालला.
खालचा लाल उजेड फडक्याच्या विणीत शिरला
आणि बाण सरळ जाऊन उभा राहिला
मी म्हणेन त्या आकड्यावर.
त्या दिवशी एकवीस पट्ट्या मी गुळावर बसून,
म्हणजे माझा हात बसून, केल्या.
रात्री लेकीला म्हटलं, मनगटाला मुंग्या आल्यात.
ती मलम घेऊन आली.
अगं, खऱ्या मुंग्या.

पौषात, ऐन हंगामात, सेल संपला.
तात्यांची पट्टी अर्धी,
बाण दराच्या पुढं, पैशाच्या अलीकडं उभा.
अण्णा म्हणाले, माणूस पाठवतो.
माणूस गाडी उतरवण्यात, गाडी रांगेत.
स्टुलावर चढलो,
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला.
चार वाजून दहा मिनिटं.
इकडं बाण हलला,
तिकडं काटा राहिला.
तात्या वर बघत म्हणाले,
"बरं केलंस पोरी. आता माझी एस.टी. चुकत न्हाई."
चुकली.
पार्श्वनं मोटरसायकलवरनं सोडलं त्यांना,
पट्टी खिशात, खोकत खोकत.

दुकान आवरताना सेल परत चढवला,
काटे बोटानं फिरवून आठ वाजवले.
पावणेचार तास एका बोटात.
माऊस उलटा पडलेला, पोटातला दिवा विझलेला.
आणि भिंतीच्या भोकातनं
मिशा.
मग नाक. मग सगळाच तो,
मागं लांब शेपूट ओढत,
काचेवरच्या गुळाच्या चुऱ्यापाशी आला.
हाकलायला हात उचलला होता मी.
तसाच खाली आला.

शटर अर्ध्यावर ओढून हसनभाई बाहेरनं म्हणाले,
"येताय न्हवं?"
"आलो," म्हटलं,
आणि चुरा न पुसताच दिवा घालवला.